खटला सेशनला कमिट होईपर्यंत

बांधाच्या वादात माझ्या चुलतभावाचा खून झाला आणि फिर्याद मी दिली. कलम 103, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेतलं खुनाचं कलम. गावात अजून सगळे जुन्या आयपीसीतलं 302 च म्हणतात. 1 जुलै 2024 पासून आकडा बदलला तरी. साक्षीचं समन्स येईपर्यंत फिर्यादीनं कोर्टात गेलंच पाहिजे असं नसतं, पण मला घरी बसवेना.

पहिली तारीख रिमांडची. अटकेपासून 24 तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं हजर करावंच लागतं. तपासी अधिकाऱ्यांनी कोयता जप्त करायचाय म्हणून पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागितली, ती मिळाली. पुढच्या तारखेला एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, रवानगी जेलमध्ये. साहेबांनी आरोपीला विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" त्यानं नकारार्थी मान हलवली. हे ऐकून काकी भडकल्या. "त्याला इचारत्यात, आपल्याला कोन इचारनार?" त्यांचं चूक नव्हतं, पण खून कुणी केला हा प्रश्न त्या दिवशी कोर्टापुढं नव्हताच.

खरा घोर चार्जशीटचा. अशा गुन्ह्यात ते 90 दिवसांत आलं नाही, तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच मिळतो, मग पुरावा कितीही भक्कम असू दे. मी तपासी अधिकाऱ्यांना फोन करून करून भंडावलं. मुदतीत दाखल झालं एकदाचं.

आता केस चालेल असं वाटलं, तर खुनाचा खटला तालुक्याचं न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट चालवूच शकत नाही. आरोपीला जबाब, पंचनामे, पीएम रिपोर्ट यांच्या नकला दिल्या, पोच म्हणून सही घेतली आणि खटला सांगलीला, विजयनगरच्या सेशन कोर्टाकडं कमिट केला, म्हणजे सोपवला. साक्षीदार नाही, उलटतपास नाही.

सांगलीत आरोपीच्या वकिलांनी दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालवण्याआधीच सोडा असा अर्ज टाकला तेव्हा माझं धाबं दणाणलं. सरकारी वकील म्हणाले, "दादा, आत्ता गुन्हा शाबीत करायचा नाही. खटला चालवण्याइतका आधार कागदांत दिसतो का, तेवढंच बघतात." युक्तिवाद झाला, अर्ज फेटाळला.

मग आरोप मराठीत वाचून दाखवला. "गुन्हा कबूल आहे का?"

"नाही."

लगेच साक्षीपुराव्यासाठी तारीख पडली. यादीत पहिलं नाव माझं. सरकारी वकिलांनी फिर्यादीची नक्कल नीट वाचून यायला सांगितलंय.