सरांची डावी बाजू

चेन वाजते, ब्रेक लागत नाही, हे गिऱ्हाईक सायकलच्या दुकानाच्या पायरीवरूनच ओरडून सांगतं. बूड दुखतंय हे मात्र कुणी सरळ सांगत नाही. आधी हवा भरून घेणार, मग चेनला तेल, आणि निघता निघता सीटवर थाप मारून, "अण्णा, जरा मऊ कायतरी मिळंल काय?" बेळगावच्या टिळकवाडीतले एक सर श्रावणात असेच आले. पन्नाशी ओलांडलेली. चार वर्षांनी सायकल बाहेर काढून येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत तीनदा जाऊन आले होते, आणि सीटवर जाड जेल कव्हर चढवलेलं होतं.

ते कव्हर मी पहिल्यांदा काढलं. बसताना आपला भार बुडातल्या दोन हाडांवर यायला हवा. गादी फार मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला मऊ भाग वर दाबला जातो. शिवाय कव्हर सीटवर सरकतं, घाम धरतं, आणि जांघेत घासतं. दुकानात अंगठ्यानं दाबून बघितलं की छान वाटतं, म्हणून खपतं. मीही विकतो. विकत नाही म्हटलं की माणूस खडेबाजारात जाऊन घेतोच.

मग विचारलं, दुखतंय ते नेमकं कुठं. हा प्रश्न विचारायला लाज वाटते आणि उत्तर द्यायला त्याहून जास्त, पण सगळं निदान इथंच आहे. दोन्ही हाडांवर सारखं ठणकत असेल, सकाळी लाकडी खुर्चीवर बसताना जाणवत असेल, तर ती मोडलेली सवय. दिवसाआड वीस ते तीस मिनिटं चालवायची, दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहून बूड मोकळं करायचं. दोन आठवड्यांत बहुतेकांचं थांबतं. पहिल्याच रविवारी चाळीस किलोमीटर मारणाऱ्याचं थांबत नाही. मधल्या भागात मुंग्या येत असतील, बधिर होत असेल, तर ते सवयीवर सोडायचंच नाही. बहुधा सीटचं नाक वर असतं नाहीतर हँडल लांब पडतं. तिसरं दुखणं कातडीचं. काचतं, सालं निघतात, मग केसाच्या मुळाशी गळू.

सरांना पहिलं आणि तिसरं, दोन्ही होतं. तिसरं फक्त डावीकडं. हे "फक्त डावीकडं" मी ऐकलं आणि सोडून दिलं.

त्या दिवशी केलं ते नेहमीचं. सीट मधे खोलगट असते, म्हणून वर सपाट फळी ठेवून त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली. नाक चांगलंच वर होतं. सीटखालच्या क्लॅम्पचे दाते झिजलेले, त्यामुळं बोल्ट कितीही आवळला तरी खड्ड्यात आपटलं की सीट मागं कलायची. क्लॅम्प बदलून सीट सपाट केली. उंची टाचेनं बघितली: टाच पेडलवर, पेडल खाली, पाय सरळ. मग पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. सीट जवळजवळ एक सेंटीमीटर जास्त उंच होती, खाली घेतली. ही टाच मी उजव्या पायाची बघितली. स्टँडवर गाडीची चेनची बाजू माझ्याकडं असते, म्हणून. वर्षानुवर्षं असंच बघत आलोय.

चड्डीचंही सांगितलं. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. आतल्या चड्डीची शिवणच जांघेत काचते. हे विकणारा कधी सांगत नाही. दर वेळी धुवायची, उलटी करून वाळवायची. आमच्याकडं श्रावणात कपडा दोन दिवस वाळत नाही आणि लोक दमटच चढवतात, म्हणून दोन जोड लागतात. ओलं पॅड आणि खरचटलेली कातडी, गळवाला एवढं पुरतं.

दहा दिवसांनी सर परत आले. हाडांचं दुखणं गेलेलं. डाव्या जांघेत आता गळू. मेडिकलवाल्यानं खाजेचं म्हणून एक ट्यूब दिली होती. त्यात स्टेरॉइड होतं. चार दिवस बरं वाटतं, कातडी पातळ होते, आतला जंतू माजतो. मी सांगितलं, आधी डॉक्टर, तोवर सायकल बंद. आणि ताप आला किंवा लाली पसरली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

सर बरे होईपर्यंत सीटची रुंदी बघून घेतली. पन्हाळीचा पुठ्ठा, खोक्याचा असतो तो, टणक स्टुलावर ठेवायचा, त्यावर बसायचं, पाय जरा उचलून धरायचे. उठल्यावर दोन खळगे दिसतात. खडूनं मधोमध खूण करून अंतर मोजलं, ११८ मिलीमीटर. थोडं पुढं वाकून चालवणाऱ्याला त्यात वीस-पंचवीस मिळवले की बास. त्यांची सीट १६८ ची, आरामाची म्हणून घेतलेली. रुंद सीटच्या कडा प्रत्येक फेरीला मांडीला घासतात. १४५ ची बसवली आणि मनात म्हटलं, सापडलं.

नव्हतं सापडलं. तिसऱ्या वेळी सर आले ते चड्डी पिशवीत घालून. पॅडच्या डाव्या कडेला कापड झिजून चकाकत होतं, उजवीकडं नव्यासारखं. मग सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर चढवली, सरांच्या कमरेला मागं पांढऱ्या टेपचे दोन तुकडे एका रेषेत लावले, आणि मागं बसून बघितलं. डावा तुकडा दर फेरीला खाली जात होता.

इथं मी जे केलं ते आठवलं की अजून ओशाळायला होतं. मी म्हटलं, "सर, तुमचा डावा पाय आखूड असणार." माणूस चोपन्न वर्षं दोन पायांवर चालला, आणि मी दोन टेपच्या तुकड्यांवर निकाल दिला. त्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडून मोजून घेतलं. पाय सारखे.

गाडी दुकानातच होती. आमचा पोरगा बैलहोंगलचा, मराठी कानडीत घोळून बोलतो. पेडल काढून क्रँक, म्हणजे पेडल ज्याला लागतं ती दांडी, पुसत होता. म्हणाला, "अण्णा, नंबर बेरे बेरे आहे की." बेरे म्हणजे वेगवेगळे. क्रँकच्या आतल्या अंगाला, पेडलच्या भोकाजवळ लांबी कोरलेली असते. उजवीकडं १७०. डावीकडं १७५.

सरांना विचारल्यावर उलगडलं. गाडी पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आणताना पेडलं काढली होती. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात; परत बसवताना कुणीतरी उजवं पेडल डाव्या भोकात जोर लावून घुसवलं. क्रँक ॲल्युमिनियमचा, पेडलचा दांडा पोलादी. आटे क्रँकचेच जाणार. मग एका दुकानानं डावा क्रँक नवा घातला, हाताला लागला तो. चौकोनी भोक बसलं, चाक फिरलं, पैसे घेतले. लांबी वाचायला दोन सेकंद लागतात. पण मीही तीन वेळा गाडी हातात घेऊन वाचली नव्हती, तेव्हा त्या दुकानाला जास्त बोलत नाही.

पाच मिलीमीटर म्हणजे खाली पाय पाच मिलीमीटर लांब जाणार आणि वर गुडघा तेवढाच जास्त उचलणार. सीट उजव्या पायाला बेतलेली, म्हणून डावं पेडल गाठायला कंबर डावीकडं झुकते आणि डावी जांघ सीटवर घासते. मिनिटाला सत्तर फेऱ्या धरा, तासाला चार हजार दोनशे वेळा. क्रँक ओढून काढायचा पुलर लावून १७५ काढला, १७० घातला, बोल्ट लांब दांड्याच्या पान्ह्यानं घट्ट केला, पेडलच्या आट्यांना ग्रीस. पंधरा मिनिटांचं काम. टेपचे तुकडे आता सारखे राहिले. त्यानंतर सर राकसकोपपर्यंत जाऊन आले, जांघ स्वच्छ.

तरी मला खात्री नाही. पायात तेवढा फरक असलेले लोक माझ्याकडं गाडी दुरुस्तीला येतात आणि त्यांना काही जाणवत नाही. सरांच्या बाबतीत क्रँक बदलायच्या आधी बारा दिवस सायकल बंद होती, डॉक्टरांचं औषध झालं होतं, सीट नवी होती, आतली चड्डी सुटली होती आणि पाऊसही ओसरला होता. सगळं एकदम बदललं. खरं बघायचं तर १७५ परत घालून त्यांना पंधरा दिवस चालवायला सांगावं लागेल, आणि ते कुठल्या तोंडानं सांगू? तो क्रँक दुकानात खिळ्याला लटकतोय.

सर स्वतः सगळं श्रेय सीटला देतात. तसं त्यांनी सकाळच्या फिरायच्या मंडळींना सांगितलंय. गेल्या आठवड्यात त्यातले एक आले, "सरांच्यासारखी सीट द्या." स्टँडवर घेऊन आधी दोन्ही क्रँक वाचले, १७० आणि १७०. मग पुठ्ठ्यावर बसवलं. अंतर १४० आलं. ती सीट त्यांना अरुंद पडली असती, म्हणून दिली नाही. त्यांनी ती दुसऱ्या दुकानातून घेतली, वर जेल कव्हरसकट.