क्लच बदलला आणि गाडीचा पिकअप गेला

टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या डिझेल गाडीची क्लच प्लेट बदलून आणली. १८०० आरपीएमपर्यंत सगळं नीट, त्यापुढे जोरच नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रखडायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की काळा धूर. गॅरेजचं निदान: टर्बो गेला. काम करण्याआधी चांगला असलेला टर्बो नेमका त्याच वेळी जाणं अवघड आहे. गिअरबॉक्स उतरवायला बॅटरी, एअर फिल्टरचा डबा आणि बऱ्याच गाड्यांत इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) पाइप काढावा लागतो. जिथे हात लागला, तपास तिथूनच.

आधी क्लच घसरत नाही ना, ते बघितलं. चौथ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर दोष क्लचचा. इथे आरपीएमच चढेना.

ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) पी०२९९ आला, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. टर्बो खराब आहे, असं हा कोड सांगत नाही. मग मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेइतका हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५. तो जुळला. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन शेजारच्याला आकडा वाचायला सांगितला. २०० च्या घरात जायला हवा होता, ११५ ला अडकला. हवा वाटेत गळत होती, म्हणून डिझेल अर्धवट जळून धूर.

उभ्या गाडीत नुसती रेझ करून अशी गळती सहसा सापडत नाही, कारण भार नसताना टर्बो फारसा दाब धरत नाही. म्हणून एअर फिल्टरकडचा पाइप सोडून टर्बोच्या तोंडाशी बूच बसवलं, त्यातून रेग्युलेटर लावून अर्धा बार हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. कॉम्प्रेसरची ७-८ बारची लाइन थेट कधीच लावू नका, सील आणि पाइप फाटतात. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे जातेच, ती गळती नव्हे.

फेस आला इंटरकूलरच्या खालच्या जोडावर. तारेची क्लिप खाचेत बसलीच नव्हती आणि ओ-रिंग (जोड बंद करणारी रबराची कडी) दुमडली होती. वरून बघितलं तर पाइप अगदी जागेवर वाटतो! दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने पुसली, नवी ओ-रिंग घातली, क्लिप टक वाजेपर्यंत पाइप दाबला आणि ओढून खात्री केली. तेलाचा थर पुसणं महत्त्वाचं. स्क्रूचा क्लॅम्प असेल तर तेलकट तोंडावर कितीही आवळा, दाब आला की पाइप निसटतो. नंतर कोड पुसून पुन्हा रस्त्यावर आकडा घेतला, तो २०० पार गेला.

फेस कुठेच आला नाही तर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बघा, बॅटरीचा ट्रे काढताना त्या सुटतात किंवा उलटसुलट लागतात. टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने ओढून त्याची दांडी हलते आणि टिकून राहते का, ते तपासा. त्यानंतर आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचा कनेक्टर. पी०२९९ ऐवजी पी००८७, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब कमी, असा कोड आला तर मात्र हवेचा नाद सोडून डिझेल फिल्टर आणि रेल प्रेशरकडे वळा.