तुम्ही विचारलंत म्हणून: हॉवर्ड वेगळं कशाला?

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या खटल्यांवर मी कुठंही बोलले की हा प्रश्न येतोच. शाळांमधला वर्णभेद कोर्टात मोडून काढणारे वकील हॉवर्डसारख्या कृष्णवर्णीयांच्याच कॉलेजातून कसे आले? आणि भेद मोडल्यावर ते कॉलेज वेगळं कशाला हवं?

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठानं वंश पाहून कुणाला प्रवेश नाकारला नाही. वेगळेपण बाहेरच्यांनी लादलेलं होतं. यादवी युद्ध संपून चार वर्षं व्हायच्या आत, १८६९ साली, जॉन मर्सर लँगस्टन यांच्या हाताखाली तिथं कायद्याचे वर्ग भरू लागले. शार्लट रे १८७२ मध्ये तिथूनच पदवी घेऊन अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय महिला वकील झाली.

विद्यार्थी दिवसा नोकरी करत, संध्याकाळी शिकत. १९२९ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी सूत्रं घेतली आणि संध्याकाळचे वर्ग बंद करून पूर्णवेळ कॉलेज केलं. नोकरी करून वकील झालेली माणसं आपल्याकडे कितीतरी आहेत, म्हणून हा निर्णय मला अजून टोचतो. किती गरीब मुलांची वाट त्यानं बंद झाली असेल! पण १९३१ पर्यंत कॉलेजला अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची मान्यता मिळाली, आणि ह्यूस्टन यांना हवे तसे वकील घडू लागले. वकील एकतर समाज घडवणारा अभियंता असतो, नाहीतर समाजावर पोसलेलं बांडगूळ, असं ते विद्यार्थ्यांना बजावत.

थर्गुड मार्शल त्यांचा विद्यार्थी. घर बाल्टिमोरला, पण तिथल्या मेरीलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलची दारं कृष्णवर्णीयांना बंद, म्हणून रोज वॉशिंग्टनची ये-जा. १९३३ मध्ये तो वर्गात पहिला आला. पुढं गुरू-शिष्यांनी त्याच लॉ स्कूलविरुद्ध डोनाल्ड मरे या तरुणाचा खटला लढवला आणि १९३६ मध्ये अपिलातही जिंकला. सुरुवात लॉ स्कूलपासून करण्यात मोठी हुशारी होती. सोयी समान असतील तर वंशावरून वेगळं ठेवणं चालतं, हे तेव्हाचं ‘वेगळं पण समान’ तत्त्व पाळायचं, तर एका विद्यार्थ्यासाठी राज्यानं दुसरं लॉ स्कूल काढायला हवं. ते परवडणार कसं? आणि कायद्याचं चांगलं शिक्षण कशाला म्हणतात, हे न्यायाधीशांना वेगळं समजावावं लागत नव्हतं.

सुप्रीम कोर्टात उभं राहण्याआधी युक्तिवादाची रंगीत तालीम हॉवर्डमध्ये होई. प्राध्यापक आणि विद्यार्थी न्यायाधीश होऊन वकिलांना अडचणीचे प्रश्न विचारत. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राऊन खटल्याचा निकाल ऐकायला ह्यूस्टन नव्हते. ते १९५० मध्येच गेले.

हॉवर्डमध्येही सगळं न्याय्य नव्हतं. पॉली मरे वर्गातली एकटी मुलगी. बायका लॉ स्कूलमध्ये का येतात कळत नाही, असं तिच्यासमोर एक प्राध्यापक म्हणाले. समानतेची मोजमापं पुरे, वेगळेपणावरच थेट घाव घाला, हे तिनं मांडलं तेव्हा वर्ग हसला. ‘वेगळं पण समान’ हे तत्त्व कोसळणारच, अशी तिनं प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली. १९४४ मध्ये ती वर्गात पहिली आली. पुढं ब्राऊनची तयारी करताना रॉबिन्सन यांनी तिचाच निबंध बाहेर काढला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नागरी हक्कांच्या कायद्याचा अमेरिकेतला पहिला रीतसर अभ्यासक्रम १९३८ मध्ये हॉवर्डमध्येच जेम्स नॅब्रिट यांनी सुरू केला. लॉ स्कूलं तेव्हाही पुष्कळ होती, नामांकितही होती. हा विषय त्यांच्यापैकी कुणाला निकडीचा वाटला नव्हता.