नाशिक ते हीथ्रो : तिकिटावर दहा तास, घरापासून अठरा

मुंबई ते लंडनचं हीथ्रो विमानतळ हे हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. विमान ताशी 900 च्या आसपास जातं, म्हणजे हिशोबाने आठ तास. तिकिटावर मात्र दहाच्या आसपास दिसतात, आणि नाशिकच्या दारापासून मी अठरा धरतो.

तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीची रांग, हीथ्रोवर गर्दी असेल तर आकाशातल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. शिवाय वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा झोत वाहतो, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो, म्हणून परतीला साधारण तासभर कमी लागतो.

घड्याळाने फसू नका. लंडन हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. जानेवारीत दुपारी 1 ला निघून दहा तास उडालात तर तिथे संध्याकाळचे 5.30 वाजलेले असतात. रात्री 9 ला परत निघालात तर नऊ तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे 11.30. घरच्यांना घ्यायला बोलावताना तारीख आवर्जून सांगा.

नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जावं का, हे नाशिककर हमखास विचारतात. ओझर-दिल्ली सुमारे 1,000 किलोमीटर, पुढे दिल्ली-हीथ्रो सुमारे 6,700. म्हणजे मुंबईपेक्षा पाचशेच जास्त, आणि रस्त्याचा त्रास वाचतो. पण दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवीत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते. बॅगही दिल्लीत उतरवून घेऊन पुन्हा द्यावी लागते. टर्मिनल बदलावं लागलं तर ते एकमेकांपासून लांब आहेत. एक पीएनआर असला तरी ओझरला बॅगेच्या टॅगवर 'एलएचआर' हा हीथ्रोचा कोड छापलाय का, ते बघून घ्या. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, तेव्हा वळशाचा फटका दिल्लीच्या उड्डाणांना मुंबईपेक्षा जास्त बसला, हेही ध्यानात असू द्या.

माझं मत मुंबईच्या थेट विमानाला. जून 2025 पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा टप्पा खुला आहे, त्यामुळे कसारा घाट टळतो. खरी अडचण आमण्याच्या पुढे, भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत. तिथे किती वेळ जाईल याचा नेम नाही, म्हणून रस्त्याला पाच तास ठेवायचे. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, कारण बॅगेचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि इमिग्रेशनची रांग त्यानंतरची. दुपारी 1 चं विमान असेल तर पहाटे 5 ला गाडी दारात हवी. पावसाळ्यात 4 ला.