मामा, हे आधी का नाही सांगितलं?

आमचा औषधाच्या गोळ्यांचा प्लांट. परवा एका ज्युनिअरने डेव्हिएशन रिपोर्ट (ठरल्यापेक्षा वेगळं काही घडलं की लिहायचा तो) रिव्ह्यूला पाठवला. कॉम्प्रेशनवर, म्हणजे माल दाबून गोळ्या बनवतात तिथे, दर अर्ध्या तासाला गोळ्यांचं वजन बघायचं असतं, ते एकदा राहिलं. रूट कॉज: ह्युमन एरर. कॅपा, म्हणजे पुन्हा होऊ नये म्हणून उपाय: ऑपरेटरला रिट्रेनिंग. झालं, विषय संपला. मी रिपोर्ट परत पाठवला खरा पण जरा लाजच वाटली, कारण क्यूएमधली (क्वालिटी अ‍ॅशुरन्समधली) पहिली चार वर्षं मी पण हेच लिहायचो, फक्त बॅच नंबर बदलायचा.

माझी ही सवय एका रात्रपाळीत मोडली. एका प्रॉडक्टला अधूनमधून स्टिकिंग यायचं, म्हणजे माल गोळी दाबणाऱ्या पंचच्या तोंडाला चिकटतो आणि गोळीवर खड्डे पडतात, कोरलेल्या अक्षराचं पोट उडून येतं. आम्ही ल्युब्रिकेशनचा वेळ बघितला, पंच बघितले, रूमची ह्युमिडिटी बघितली, छान सुबक फिशबोन, म्हणजे कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती, काढला. एलओडी, म्हणजे सुकवल्यावर मालात उरलेला ओलावा, दर वेळी लिमिटमध्ये. काही हाती लागेना. मग एकदा रात्री राउंडला गेलो तर कॉम्प्रेशनवाले मामा मशीन थांबवून पंच पुसतायत, आणि बीएमआरमध्ये, म्हणजे बॅचच्या रेकॉर्डमध्ये, स्टॉपेजची एंट्रीच नाही. मला बघून कपडा पाठीमागे गेला. ओरडणारच होतो, अगदी तोंडावर आलं होतं, पण काय सुचलं कोण जाणे, विचारलं, "मामा, ही बॅच त्रास देणार हे तुम्हाला कधी कळलं?"

"बिन लावला तेव्हाच सर. माल जड उतरतो. ड्रायरवाल्याला विचारा ना."

ड्रायरवाल्याकडे उत्तर तयार होतं. आम्ही एलओडीचं सॅम्पल पोर्टमधून घ्यायचो, तिथे येतो तो सुकलेला माल. बाउलच्या तळाशी कडेला गोळे राहतात, ते फोडले की आतून ओले, लोड पूर्ण असला की जास्तच. त्याला माहीत, मामांना माहीत, मिलिंगवाल्याला माहीत. फिशबोन काढणाऱ्या आम्हा पाच जणांना तेवढं माहीत नव्हतं!

आधी का नाही सांगितलं म्हटल्यावर मामा म्हणाले, "सांगून काय सर, तुमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना नावाचा असतो."

खरंच होता. मी शंभर वेळा भरलेला फॉर्म, पण कधी त्या बाजूने बघितलाच नव्हता.

आता मामांनी एंट्री केली नाही हे चूकच. काम करताना तेव्हाच लिहायचं, यात सूट नाही, आणि ते झाकलं असतं तर उद्या मीच अडकलो असतो. डेव्हिएशन लागलं. पण त्यात एंट्री का झाली नाही याचं खरं कारण लिहिलं, की स्टॉपेज लिहिलं तर तीन दिवस जबाब द्यावे लागतात म्हणून माणूस गुपचूप पुसतो. हे लिहायला वरच्यांचा विरोध झाला, बराच झाला. तेव्हा युरोपच्या जीएमपीचा, म्हणजे औषध बनवण्याच्या नियमांचा, पहिला चॅप्टर कामाला आला. २०१३ पासून लागू आहे, त्यात स्पष्ट आहे की ह्युमन एरर हे कारण द्यायचं असेल तर ते जस्टिफाय करा, आणि प्रोसेसमधला, प्रोसिजरमधला किंवा सिस्टिममधला दोष नजरेतून सुटलेला नाही याची खात्री करा. आपण मात्र तो शब्द पूर्णविरामासारखा वापरतो.

पुढे चेंज कंट्रोल टाकून, म्हणजे बदलाला रीतसर मंजुरी घेऊन, ड्रायिंगच्या मध्ये रेकिंग (माल उकरून वरखाली करणं) आणलं, सॅम्पल तीन जागांवरून घ्यायला लागलो. फॉर्मवर पहिला प्रश्न 'काय दिसलं' हा आला, नाव खाली गेलं. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं बोर्डापाशी उभं राहायचं, ऑपरेटरने बोलायचं, आयपीक्यूएने (लाइनवरच्या क्यूएच्या माणसाने) लिहून घ्यायचं आणि पुढच्या शिफ्टला उत्तर द्यायचं, उत्तर 'नाही होणार' असलं तरी चालेल पण द्यायचं. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड गेला, आणि माझ्या मते खरं काम त्यानेच केलं. त्याआधी आमच्याकडे सजेशन बॉक्स होता. तो कधीतरी उघडला तर आत पॅकिंगच्या बायकांच्या चार चिठ्ठ्या, चारही एकाच गोष्टीच्या, की ग्लोव्हज मोठ्या साइजचे येतात, बोटांची टोकं लोळतात आणि बेल्टवरून खराब ब्लिस्टर पटकन उचलता येत नाही. म्हणजे क्वालिटीचा मुद्दा महिनोन्महिने कुलपात पडून होता.

गंमत म्हणजे पहिले दोन महिने डेव्हिएशन वाढली. मीटिंगमध्ये ग्राफ बघून सगळ्यांचे चेहरे पडले, कुणीतरी म्हणालं हे बंद करा. अरे, आधी लपत होतं ते आता दिसतंय! डेव्हिएशन कमी ठेवा म्हणून टार्गेट द्यायचं आणि वर लोकांनी मोकळेपणाने बोलावं असं म्हणायचं, दोन्ही कसं जमणार? आयसीएच क्यू१० या औषधांच्या क्वालिटीवरच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये २००८ पासून लिहिलंय की क्वालिटीचे मुद्दे वेळेत योग्य लेव्हलला पोचले पाहिजेत. वर पोचल्यावर तिथे काय होतं, ते खालचा माणूस बरोबर बघत असतो.

तर त्या ज्युनिअरचा फोन आला, "सर, मग मी लिहू काय?" म्हटलं लिहू नकोस, आधी ज्या शिफ्टला झालं त्याच शिफ्टला जाऊन उभा राहा. काल रात्री जाऊन आला. म्हणाला, "सर, वजनकाटा पलीकडच्या क्युबिकलमध्ये आहे, आणि दोन मशीनवर एकच माणूस."