हाताला कळते, मग सेन्सर कशाला?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली, हे कळल्यावर बहुतेक जण हेच विचारतात, की मुरलेला फिटर बेअरिंगवर हात ठेवून त्याचे दुखणे ओळखतो, तर तेच तापमान कंट्रोल रूममध्ये दाखवण्यासाठी एवढा खर्च कशाला?

फिटरच्या हाताविषयी मला आदरच आहे. मात्र 60 अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडावर हात टिकत नाही, आणि त्यापुढे 70 काय नि 90 काय, हाताला दोन्ही सारखेच. शिवाय बॉयलरच्या आयडी फॅनपाशी (भट्टीतला धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा), राखेत आणि आवाजात, पाळीतून एकदोनदाच कोणी फिरकते. तो पंखा बंद पडला की बॉयलर बसतो, वाफेअभावी टर्बाइन थांबते आणि गव्हाणीतला, म्हणजे गाळपासाठी आत जाणारा, ऊस जागच्या जागी राहतो; यार्डात उभ्या असलेल्या उसाचे वजन आणि साखरेचा उतारा मात्र घटतच राहतो.

तरीही सेन्सर बसवला की काम संपले, असे नाही. आमच्याकडे पीटी-100 होते, म्हणजे तापमानाबरोबर विद्युतरोध वाढणारे प्लॅटिनमचे सेन्सर: शून्य अंशाला 100 ओहम आणि पुढे प्रत्येक अंशाला सुमारे 0.385 ओहमची वाढ. त्यामुळे एखादा स्क्रू सैल होऊन एकाच तारेत एक ओहम वाढला, तरी पडद्यावर अडीच अंशांची चूक दिसते. एका हंगामात पंख्याच्या एका बेअरिंगच्या सेन्सरवरील अशाच सैल स्क्रूमुळे रात्री-अपरात्री अलार्म वाजू लागला. दोनदा धावत गेलेल्या पाळीने तिसऱ्यांदा तो बंदच करून ठेवला, आणि त्याच काळात पंख्याचे दुसऱ्या बाजूचे बेअरिंग खरोखर जळाले, कारण दोन्ही बेअरिंगांचा अलार्म एकच होता. स्क्रू आवळणे माझे काम होते.

त्यानंतर आम्ही नुसता आकडा पाहणे सोडले. डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत हवेचाच वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो, म्हणून बेअरिंग भोवतालच्या हवेपेक्षा किती गरम आहे आणि ते किती वेगाने चढत आहे, हे पाहू लागलो. (खरे तर कंपने त्याहून आधी इशारा देतात, पण ती मोजणे महाग पडे.) ग्रीस भरल्यावर बेअरिंग काही तास तापते आणि मग उतरते, न उतरल्यास ग्रीस जास्त झाले, असे समजावे. हे मला पडद्याने नव्हे, त्याच फिटरने सांगितले, आणि तेव्हापासून ग्रीस भरल्याची वेळ तो स्वतः कंट्रोल रूमच्या वहीत लिहू लागला.