पसरणीच्या उतारावर

मॅडमनी गाडीची चावी काउंटरवर ठेवली, पण हात चावीवरून उचलला नाही. "दादा, या वेळी नुसती धुऊन परत देऊ नका," म्हणाल्या.

साताऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. गाडी चार मीटरच्या आतली डिझेल एसयूव्ही, तीन वर्षांची. कंपनीचं नाव इथे सांगत नाही. मॅडम वाईच्या. त्यांनी याआधी गाडी दुसऱ्या गावच्या वर्कशॉपमध्ये दाखवली होती आणि तिथली जॉब कार्डं जपून आणली होती. प्रत्येकावर तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द, 'ब्रेक तपासणे'. खाली शेरा: पॅड साफ केले, ट्रायल घेतली, ओके.

मी नवं कार्ड उघडलं आणि म्हटलं, मॅडम, काय होतं ते तुमच्याच शब्दांत सांगा.

"उतरताना पेडल दगडासारखं होतं. पाय देते, पण ते खाली जातच नाही. मग दुसऱ्या गिअरमध्ये टाकून दोन्ही पायांनी दाबते. मागच्या आठवड्यात पुढे एसटी होती."

हे रोज होत नव्हतं. त्या सकाळी मुलाला पाचगणीला शाळेत सोडतात, संध्याकाळी आणायला जातात. रस्ता तोच, पसरणी घाट. खोदून विचारत गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, की पेडल घट्ट होतं ते सकाळीच, संध्याकाळी कधीच नाही. मी विचारलं, दोन्ही वेळांत फरक काय? सकाळी मुलगा उतरला की त्या लगेच गाडी वळवतात. संध्याकाळी शाळा सुटेपर्यंत गेटबाहेर अर्धा तास तरी गाडी बंद करून थांबतात.

शेजारी उभे असलेले आमचे फोरमन तेवढ्यावर म्हणाले, "गाडी गरम असताना होतंय. इथे रॅम्पवर काही सापडायचं नाही."

ब्रेकच्या पेडलमागे एक बूस्टर असतो. त्यातल्या व्हॅक्यूममुळे, म्हणजे हवा ओढून घेतल्याने झालेल्या पोकळीमुळे, आपल्या पायाचा जोर कितीतरी पटींनी वाढून पुढे जातो. पेट्रोल इंजिनात हवा आत ओढताना हा व्हॅक्यूम बहुतेक वेळा आपसूक मिळतो. डिझेलमध्ये तो मिळत नाही, म्हणून इंजिनावर वेगळा पंप बसवलेला असतो. पंपापासून बूस्टरपर्यंत एक रबरी नळी जाते. पंप बिघडला, नळी बंद झाली किंवा मधला व्हॉल्व्ह गळू लागला की ब्रेक जात नाहीत, पण पायातली ताकद अपुरी पडू लागते. अशा वेळी घाबरून पेडलवर पाय मारत राहू नये. प्रत्येक दाबाला उरलासुरला व्हॅक्यूमही खर्च होतो. एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरायचं आणि गिअर खाली आणायचा. मॅडमनी हे कुणी न शिकवता केलं होतं.

नेहमीची तपासणी केलीच. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबलं, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारला. बूस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली थोडं बसतं. बसलं. या टप्प्यावर 'ओके' लिहून गाडी देता आली असती, आणि कुणी आम्हाला दोषही दिला नसता.

फोरमननी नळीत टी-जोड घालून व्हॅक्यूम गेज लावला, त्याची बारीक नळी खिडकीतून आत घेतली आणि गेज मांडीवर धरून बसले. मॅडमना यायचं होतं, पण अशा ट्रायलला ग्राहकाला गाडीत बसवत नाही. त्यांना वाईत घरी सोडलं आणि आम्ही दोघं घाट चढलो. चढताना सुई वीस इंचांच्या वर ठाम, म्हणजे व्हॅक्यूम पुरेसा. पाचगणीत इंजिन बंद न करता तशीच गाडी वळवली.

उताराला लागल्यावर दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली होती, वेग अगदी कमी. एका वळणाआधी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "सुई खाली आली," फोरमन म्हणाले, आणि जरा थांबून, "वर येत नाहीये." दहाच्या खाली गेली होती. तिसऱ्यांदा पाय दिला तेव्हा मॅडम काय सांगत होत्या ते माझ्या तळपायाला कळलं. मी सावध होतो, वेग मुठीत होता, मागे-पुढे कुणी नव्हतं, तरी पाठीला घाम फुटला. त्या हे मागे ट्रक आणि पुढे एसटी असताना सोसत होत्या.

हँडब्रेक आणि गिअरच्या जोरावर रुंद जागी गाडी घेतली, चाकापुढे दगड लावला, इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं. इंजिनामागे जिथे नळी वळते तिथे ती पूर्ण चपटी झाली होती. आतलं अस्तर तेलाने फुगून मऊ पडलं होतं. चढावर इंजिन तापलं की पंपाच्या ओढीने नळी स्वतःच मिटायची. फोरमननी व्हिडिओ घेतला. बोनेट उघडं राहिल्यावर थोड्या वेळात नळी पुन्हा गोल झाली आणि सुई वर गेली. सपाट रस्त्यावरच्या थंड ट्रायलमध्ये हे कुणाला दिसणार होतं?

गाडी मॅडमना परत दिली नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या गाडीची सोय केली. काढलेली नळी चेसिस नंबरची चिठ्ठी लावून कंपनीला पाठवली, सोबत व्हिडिओ आणि त्यांची तक्रार शब्दशः. फोनवर पलीकडून पहिला प्रश्न आला, "एकच केस आहे ना?" मला तो प्रश्न फार लागला. ज्यांच्या कार्डावर 'ब्रेक तपासणे, ओके' लिहून गाड्या परत गेल्या, त्या केस मोजणार कोण?

आपल्याकडे हे मोजणं आता कायद्यात आहे. आधी रिकॉलचा, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देण्याचा, सगळा मामला स्वेच्छेचा होता. सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये त्यासाठी संहिता केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांमध्ये सुरक्षेचा दोष असल्याच्या तक्रारी ठरलेल्या प्रमाणात आल्या तर सरकार रिकॉल करायला लावू शकतं, आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. मालकाला केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर स्वतः तक्रार नोंदवता येते. मी मॅडमना ती नोंदवायला सांगितली. वर्कशॉपमधल्या माणसाने असं सांगावं का, यावर आमच्याकडे कुरबूर झाली. माझ्या मते सांगायलाच हवं.

काही महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांच्या नळ्या फुकट बदलायच्या होत्या, सोबत चेसिस नंबरांची यादी. मॅडमची गाडी त्यात होती.

मग खरं कष्टाचं काम सुरू झालं. "गाडी मस्त चाललीय, कशाला आणू?" हे तर नेहमीचं. कुणाला वाटतं, रिकॉल म्हणजे गाडीवर डाग, विकताना भाव पडणार. मी त्यांना जानेवारी २०२३ चा दाखला देतो. मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरमधल्या संशयास्पद दोषासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्यात ब्रेझा आणि ग्रँड विटाराही होत्या, आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं मालकांना कळवलं. त्यांच्या विक्रीला त्याने खीळ बसली नाही.

फोन उचलणाऱ्यांना समजावता येतं. अडचण होते ती विकल्या गेलेल्या गाड्यांची. कंपनीकडे नंबर पहिल्या मालकाचा, गाडी तिसऱ्याच्या दारात, मधला व्यवहार एजंटच्या तोंडी. यादीतल्या अशाच एका गाडीचा पत्ता शोधत मेढ्याच्या बाजूला पोचलो. नवे मालक शेतकरी, आठवड्यातून एकदा तरी केळघर घाटाने महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या रोपांच्या कामासाठी जाणारे. त्यांना कंपनीचं एकही पत्र, एकही मेसेज मिळाला नव्हता. पेडल कधी घट्ट होतं का विचारलं तर म्हणाले, "होतं की. मला वाटलं, जुनी गाडी आहे, असायचंच."

नळी सोबत नेली होती, अंगणातच बदलून दिली. त्यांचं नाव आणि नंबर कंपनीच्या नोंदीत घातला. चहा होईपर्यंत ते आत जाऊन ज्याच्याकडून गाडी घेतली त्या एजंटचं कार्ड घेऊन आले. त्याच मॉडेलच्या आणखी गाड्या त्याने जावळीत विकल्या होत्या. मी तिथूनच त्याला फोन लावला.